बॉब मोल्ड: हुस्कर डू, शुगर, एकट्याचे आल्बम. सुरुवात कुठून करावी, आणि गिटारचा तो आवाज काढायचा कसा?

मोकळी_तार

नमस्कार मंडळी. बॉब मोल्ड या अमेरिकी गायक-गिटारवादकाच्या शुगर बँडचा 'कॉपर ब्लू' जवळजवळ पाठ झालाय, पण त्याच्या मागचं-पुढचं काही लागत नाही. त्याच्या आधीच्या हुस्कर डू बँडचा 'झेन आर्केड' लावला की दुसऱ्या बाजूपर्यंत कान थकतात. त्याचा एकट्याचा 'वर्कबुक' ऐकताना हा तोच माणूस का, असं वाटतं. आणि 'मॉड्युलेट' तर संगणकावर केल्यासारखा वाजतो. तर प्रश्न असे:

1. कोणत्या क्रमाने ऐकलं तर या माणसाचा प्रवास नीट कळेल? सगळं नको, जे टाळून चालणार नाही तेवढंच.
2. शुगरमध्ये हुस्कर डूचाच बेसवाला होता का? दोन्हीकडे तिघेच आहेत म्हणून विचारतोय.
3. तीन जणांच्या बँडमध्ये एका गिटारवर एवढी भिंत कशी उभी राहते? माझ्याकडे सिंगल कॉइलची स्ट्रॅट गिटार आणि पिवळा एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस पेडल आहे. डिस्टॉर्शनचं बटण पूर्ण फिरवलं की आवाज पातळ होतो, आणि पेडल दाबला की गिटार ड्रमच्या मागे जाते. पेडल खराब आहे की माझं काही चुकतंय?

---

रेकॉर्डची_दुसरी_बाजू

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते छोटं आहे. नाही. हुस्कर डूमध्ये बेसवर ग्रेग नॉर्टन आणि ड्रमवर ग्रँट हार्ट. शुगरमध्ये बेसवर डेव्हिड बार्ब, जॉर्जियातल्या अथेन्स गावचा, आधी मर्सीलँडमध्ये होता. ड्रमवर मॅल्कम ट्रॅव्हिस. शुगर हे नावही अथेन्सच्याच एका वॉफल हाऊसमधल्या टेबलावरच्या साखरेच्या पुडीवरून आलं. दोन्ही बँड तिघांचे असले तरी त्यांच्यात एक मूळ फरक आहे, आणि तो कळला की पुढचं सगळं सोपं जातं: हुस्कर डूत दोन गीतकार होते, शुगरमध्ये जवळपास एकच.

आता क्रम. पहिल्या आल्बमपासून सुरू करू नका, हा माझा पहिला सल्ला. बँड 1979 मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये सुरू झाला. मोल्ड तिथल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकत होता, मूळचा न्यूयॉर्क राज्यातल्या मलोनचा. 1982 चा 'लँड स्पीड रेकॉर्ड' हा मिनीआपोलिसच्या सेव्हन्थ स्ट्रीट एन्ट्रीमधला प्रत्यक्ष कार्यक्रम: 17 गाणी, साडेसव्वीस मिनिटांच्या आसपास. दस्तऐवज म्हणून मोलाचा, पण नवख्याला त्यातून चाली सापडणार नाहीत. वेगापलीकडे त्यात फारसं काही नाही.

तुम्ही 'कॉपर ब्लू'कडून येताय, म्हणून उलटं जा. पहिला 'फ्लिप युवर विग' (सप्टेंबर 1985). एसएसटी या रेकॉर्ड कंपनीसाठीचा हा शेवटचा आल्बम, आणि मोल्ड-हार्ट या दोघांनी स्वतः निर्मिती केलेला पहिला. त्याआधीच्या 'न्यू डे रायझिंग'वर (जानेवारी 1985) निर्माता म्हणून एसएसटीचा स्पॉट नावाचा माणूसही होता. एकाच वर्षातले हे दोन आल्बम लागोपाठ लावा. 'न्यू डे'मध्ये गिटार आणि झांजा एकमेकींवर चढून बसतात, 'विग'मध्ये गाणाऱ्याचा आवाज गिटारच्या वर तरंगतो. शुगरचं बी तिथे आहे.

मग 'झेन आर्केड' (जुलै 1984). कान थकतात कारण तुम्ही तो एका दमात ऐकताय. ती दोन तबकड्यांची रेकॉर्ड आहे, चार बाजू, 23 तुकडे, सुमारे 70 मिनिटं. दर बाजूनंतर उठून तबकडी उलटायला लागायची तो विसावा फाइलमध्ये मिळत नाही. दुसरी बाजू सगळ्यात कर्कश आहे, ती पहिल्या वेळी सोडा. पहिली, मग तिसरी. चौथीवर दोनच तुकडे आहेत, शेवटचा सुमारे 14 मिनिटांचा वाद्यांचा. पहिल्या बाजूवर त्याचाच एक तुकडा उलटा फिरवून लावलाय, तेवढं लक्षात ठेवून शेवटचा ऐका. (अवांतर: पहिली बाजू ज्या तुकड्यावर संपते त्याचं नाव 'हरे कृष्ण' आहे. भजनाच्या अपेक्षेने जाऊ नका.)

हा सगळा पसारा कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीचच्या टोटल ॲक्सेस स्टुडिओत ऑक्टोबर 1983 मध्ये सुमारे 85 तासांत आटोपला, त्यातले शेवटचे 40 तास मिक्सिंगचे. खर्च 3200 डॉलर. दोन गाणी सोडता सगळं पहिल्याच टेकमध्ये. म्हणजे जो खडबडीतपणा जाणवतो तो हेतूइतकाच घड्याळाचाही आहे.

वॉर्नर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचे दोन: 'कँडी ॲपल ग्रे' (1986) आणि 'वेअरहाऊस' (जानेवारी 1987, पुन्हा दोन तबकड्या). पहिल्यात 10 गाणी, मोल्डची 6 आणि हार्टची 4. दुसऱ्यात 20, मोल्डची 11 आणि हार्टची 9. हे आकडे उगाच देत नाही. 'वेअरहाऊस' गाळणीतून न गेल्यासारखा वाटतो, कारण दोघांपैकी कोणाचीही गाणी काढायची तर तोल बिघडला असता. 1988 च्या सुरुवातीला बँड मोडला. ऐकताना सोपी खूण: जो गातोय, बहुतेक वेळा गाणं त्याचंच. मोल्डचा आवाज घशातून दाबलेला, अनुनासिक. हार्टचा मोकळा आणि गोल.

'वर्कबुक' (1989, व्हर्जिन) हा तोच माणूस आहे, फक्त खोली बदललीय. बँड मोडल्यावर मोल्ड मिनेसोटातल्या पाइन सिटीजवळ शेतावर राहत होता. सुरुवातीलाच एकट्या गिटारचा, शब्दांविना तुकडा आहे. चेलोवर जेन स्कार्पँटोनी, ड्रमवर अँटन फिअर, बेसवर पेर उबू बँडचा टोनी मायमोन. चाली ओळखीच्याच आहेत, पण विकृत आवाजाची चादर बाजूला केल्यावर दिसतं की गाणी किती घट्ट बांधलेली होती. शेवटचं गाणं मात्र पुन्हा गर्जतं. पुढच्याच वर्षीचा 'ब्लॅक शीट्स ऑफ रेन' त्याच ढंगात सुरू होतो आणि मला तो जड वाटतो. संगत तीच, पण उजेड नाही. पहिल्या फेरीत सोडलात तरी चालेल.

मग तुमचा 'कॉपर ब्लू' (सप्टेंबर 1992, अमेरिकेत रायकोडिस्क कंपनी, ब्रिटनमध्ये क्रिएशन; एनएमई या ब्रिटिश संगीत-नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम आल्बम ठरवला). त्याला लागून 'बीस्टर' (1993) ऐकायलाच हवा. ही सहा गाणी त्याच सत्रांतली आहेत. काळी आणि जड म्हणून वेगळी काढली, आणि ती वेगळी काढली म्हणूनच 'कॉपर ब्लू' इतका स्वच्छ वाटतो. गीतकारांनी यातून घ्यायची गोष्ट म्हणजे सोळा चांगली गाणी हाताशी असताना दहाच ठेवणं. 'वेअरहाऊस'च्या वेळी हे करता येत नव्हतं, 1992 मध्ये आलं.

1994 चा 'फाइल अंडर: इझी लिसनिंग' मधूनमधून छान आहे. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण पुसून टाकून सगळं पुन्हा केलं गेलं, आणि ती दमछाक ऐकू येते. त्यात बार्बने लिहून गायलेलं एक गाणं आहे, म्हणून वर 'जवळपास एकच' म्हटलं.

त्यानंतरचं थोडक्यात. 1996 च्या स्वतःच्या नावाच्या आल्बममध्ये सगळी वाद्यं त्यानेच वाजवलीत, आणि ड्रम ऐकताना ते कळतं. 1998 चा 'द लास्ट डॉग अँड पोनी शो'. मग 1999-2000 मध्ये चक्क डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीसाठी लेखन. 2002 मध्ये 'मॉड्युलेट', आणि लाउडबॉम्ब या नावाने आणखी एक. बॉब मोल्ड या इंग्रजी अक्षरांची उलटापालट केली की लाउडबॉम्ब होतं. 2005 चा 'बॉडी ऑफ साँग' हा परतीचा रस्ता, ड्रमवर फुगाझी बँडचा ब्रेंडन कँटी. आणि 2012 पासून जेसन नार्ड्यूसी (बेस) आणि पूर्वी सुपरचंक बँडमध्ये असलेला जॉन वर्स्टर (ड्रम) यांच्यासोबतची मालिका: 'सिल्व्हर एज', 'ब्यूटी अँड रुइन' (2014), 'पॅच द स्काय' (2016), 'सनशाइन रॉक' (2019), 'ब्लू हार्ट्स' (2020), 'हिअर वी गो क्रेझी' (2025). यातला 'सिल्व्हर एज' आधी. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत, 'कॉपर ब्लू'चा थेट वारस. 'सनशाइन रॉक'मध्ये प्राग टीव्ही ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं आहेत, तो बर्लिनमध्ये राहत होता तेव्हाचा.

---

चारशे_सत्तर_के

तिसरा प्रश्न माझा. पेडल ठीक आहे, त्याची मांडणीच अशी आहे. आणि तुमच्या हातात योग्यच डबा आहे: एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस हा मोल्डच्या आवाजाचा हुस्कर डूपासूनचा कायमचा भाग. गिटार बदलल्या (आधी इबानेझची रॉकेट रोल, म्हणजे व्ही आकाराची, 1980 च्या दशकाच्या शेवटापासून स्ट्रॅट), पेडल राहिला.

डब्यात काय आहे ते बघा. 741 जातीचा एक ऑप-ॲम्प (संकेत वाढवणारी चिप), त्याच्या फीडबॅकमध्ये 1 मेगओहम. जमिनीकडे (ग्राउंडकडे) जाणाऱ्या पायात 47 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, 4.7 किलोओहमचा रोधक आणि त्याच्या रांगेत डिस्टॉर्शनचं पॉट, म्हणजे बटणामागचा बदलता रोधक (500 किलोओहम, उलट लॉग). बाहेर पडताना जमिनीकडे उलटसुलट जोडलेले दोन जर्मेनियम डायोड, सोबत 1 नॅनोफॅरड. मग आउटपुटचं पॉट.

डिस्टॉर्शन पूर्ण फिरवलं की पायात फक्त 4.7 किलोओहम उरतो. गेन (संकेत किती पट वाढतो ते) = 1 + 1000/4.7, म्हणजे सुमारे 213 पट. पण तोच 4.7 किलोओहम आणि 47 नॅनोफॅरड मिळून सुमारे 720 हर्ट्झवर उतार तयार करतात. जाड ई तार 82 हर्ट्झची. तिच्या मूळ सुराला जेमतेम 24 पट मिळतात आणि वरच्या स्वरांना 200. खालचं कमी होत नाही, वरचं त्याच्या कितीतरी पुढे पळतं. हाच तुमचा 'पातळ' आवाज.

आता पॉट मागे घ्या. पायातला एकूण रोध सुमारे 40 किलोओहम झाला की उतार 85 हर्ट्झवर येतो, म्हणजे जाड ईच्या तोंडाशी, आणि गेन राहतो 26 पट. पूर्ण जाडी आणि भरपूर विकृती या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या इथे. उलट लॉग पॉटवर ही जागा टोकाच्या बरीच अलीकडे असते. आकड्यावर जाऊ नका, पॉटगणिक फरक पडतो. जाड ई एकटी छेडत पूर्ण पुढून हळूहळू मागे या. तारेचा धक्का छातीला लागायला लागला की थांबा.

दुसरी तक्रार, 'पेडल दाबला की गिटार मागे जाते'. जर्मेनियम डायोड सुमारे 0.3 व्होल्टला कापतात, सिलिकॉन 0.6 च्या आसपास. म्हणजे डिस्टॉर्शन काहीही ठेवा, या डब्यातून शिखर ते शिखर 0.6-0.7 व्होल्टच्या वर फारसं निघत नाही. जोरात मारलेली स्वच्छ स्ट्रॅट त्याच्या आसपास सहज पोचते. वर शिखरं कापली गेल्याने फटक्याचा तडाखाही जातो. म्हणून:

आउटपुट पूर्ण किंवा पूर्णच्या जवळ ठेवा. इथे संकोच नको.

ॲम्पचा आवाज आधीच फुटायच्या बेतात हवा. अगदी स्वच्छ ॲम्पमध्ये हा पेडल माशी घोंगावल्यासारखा वाजतो. हलका मारला की स्वच्छ, जोरात मारला की खरखर, इथवर ॲम्प आणा, मग पेडल दाबा. जर्मेनियमचे कापलेले कोपरे ॲम्प गोल करतो.

तरीही मागे पडत असेल तर पेडलच्या पुढे (ॲम्पच्या बाजूला) एक साधा बूस्ट, 6 ते 8 डेसिबलचा. पेडलच्या आधी लावला तर फक्त विकृती वाढेल, आवाज नाही. ही चूक सर्रास होते.

ॲम्पवर मिड कापू नका. घरी एकट्याने वाजवताना मिड कापलेला आवाज भरदार वाटतो, बँडमध्ये बेस आणि झांजा दोन्ही टोकं खाऊन टाकतात आणि गिटारला जागाच उरत नाही.

---

मोकळी_तार

दोघांनाही मनापासून धन्यवाद. बटण मागे घेतल्यावर जाडी आली. @चारशे_सत्तर_के, पेडलची एक घरगुती नक्कलही जुळवलेली आहे, त्यात 741 च्या जागी टीएल071 ही नवी चिप आहे. ती जास्त फिसफिसते आणि वरचा आवाज कानात घुसतो. चांगली चिप लावून वाईट आवाज, हे कसं?

---

चारशे_सत्तर_के

कारण 741 चा दुबळेपणा हा इथे आवाजाचा भाग आहे. त्याचा गेन-बँडविड्थ गुणाकार सुमारे 1 मेगाहर्ट्झ. 213 पट गेन मागितला की उरते साधारण 4.7 किलोहर्ट्झ. त्याच्या वरचं तो आपोआप सोडून देतो. टीएल071 चा हाच आकडा 3 मेगाहर्ट्झ, म्हणजे 14 किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानेइतबारे वाढवतो, सिंगल कॉइलची फिसफिस धरून. डायोडच्या बाजूचा 1 नॅनोफॅरड 10 किलोओहमच्या जोडीने 16 किलोहर्ट्झच्या आसपास कापतो, तो इथे काही कामाचा नाही.

उपाय दोन. सॉकेट असेल तर 741 बसवा, पाय तेच आहेत. नाहीतर फीडबॅकच्या 1 मेगओहमला समांतर 33 पिकोफॅरड लावा, कोपरा 4.8 किलोहर्ट्झच्या जवळ येतो. फरक इतकाच की हा कपॅसिटर कमी गेनलाही तिथेच कापतो, 741 मात्र गेन कमी केल्यावर उघडतो. म्हणून पहिला उपाय बरा.

डायोडही तपासा. जर्मेनियम म्हणून घेतलेले बऱ्याचदा दुसरेच निघतात. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर 0.25 ते 0.4 दाखवला तर जर्मेनियम (शॉट्की जातीचा डायोडही याच पट्ट्यात येतो, तेव्हा काचेचं अंग आणि आतला बारीक तारेचा टोक दिसतोय का पाहा). 0.55 च्या वर गेला तर सिलिकॉन, आणि मग तुमच्या हातात या पेडलऐवजी डीओडी 250 चा भाऊ आहे: मोठा, कडक, कमी घोगरा. तोही वाईट नाही, फक्त हा आवाज नाही. डाग देताना जर्मेनियमच्या पायाला चिमट्याने धरा, उष्णतेने ते लवकर जातात.

---

उजवा_हात

पेडलवर एवढी चर्चा झाली, आणि निम्मी भिंत हातात आहे हे कोणीच म्हणालं नाही. :)

तिघांच्या बँडमध्ये गिटार मोठी वाटते ती न थांबणाऱ्या वरच्या तारांमुळे. पॉवर कॉर्ड तीन तारांवर वाजवून बाकीच्या दाबून टाकायच्या, ही सवय सोडा. पुढचा सराव करा: पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर एकच आकार ठेवायचा, पहिली आणि दुसरी तार कायम मोकळी, सहावी वाजवायची नाही (खालचे आकडे त्या तीन तारांच्या पडद्यांचे, 0 म्हणजे मोकळी).

- 0-2-2 : ए, वर बी आणि ई मोकळे
- 2-4-4 : बी, वर तेच
- 4-6-6 : सी शार्प मायनर सेव्हनसारखा
- 7-9-9 : ई, इथे सगळं एकजीव होतं
- 9-11-11 : एफ शार्प, थोडा लोंबकळता

खालचा सूर सरकतो, वरचे दोन जागेवर. तानपुऱ्याशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हे समजवावं लागणार नाही: षड्ज धरून ठेवला की मधल्या हालचालीला आपोआप अर्थ येतो. विकृत आवाजात मोकळ्या तारा आणि दाबलेले सूर एकमेकांत मिसळून जे जादाचे सूर तयार करतात, त्यातूनच दुसरी गिटार असल्याचा भास होतो. 2-4-4 वर एफ शार्प आणि ई एकत्र थोडे घासतात. ते घासणं खटकलं तर डिस्टॉर्शन कमी करा, तारा दाबू नका.

उजवा हात: आठव्या मात्रांचे (एट्थ नोट, म्हणजे एका ठोक्यात दोन) सगळे फटके खाली. वर-खाली मारलं की वरचा फटका बारीक तारांवर जास्त पडतो आणि लय लंगडते. वेगाला हात थकतो तो बहुधा कोपरातून मारल्यामुळे; मनगट सैल ठेवा, तारेच्या दोन्ही बाजूंना बोटभरापेक्षा जास्त फिरू नका. मेट्रोनोम 140 वर लावून आठव्या मात्रा चार मिनिटं न थांबता जमल्या की 5-5 ने वाढवा. दंड दुखू लागला तर थांबा.

बेसवाल्याला सांगायचं ते वेगळंच. गिटार वरच्या तारांत अडकलेली असताना बेसने फक्त मूळ सूर धरले तर मधे भोक पडतं. बार्बचं वाजवणं 'कॉपर ब्लू'च्या दुसऱ्या गाण्यात ऐका: गाणं बेसच उघडतो, आणि तो किती वरच्या पट्टीत आहे बघा. बेसला थोडी खरखर द्या, 700-800 हर्ट्झजवळ उचला. गिटार तिथून वर सुरू होते.

आणि शेवटी घसा. या चाली उंच नाहीत, त्या लांब आहेत. ओळीच्या शेवटी श्वास संपतो आणि मग ओरडा निघतो. पट्टी एका सुराने खाली घेतलीत तर मोकळ्या तारांचा सगळा खेळ बिघडेल, म्हणून कॉर्डचे आकार बदलू नका, सगळी गिटार अर्धा किंवा एक सूर खाली लावा. एक सूर खाली लावताना तारा 10-46 ऐवजी 11-49 जाडीच्या घ्या, नाहीतर जोराच्या फटक्याला सूर वर चढतो.

---

रेकॉर्डची_दुसरी_बाजू

@उजवा_हात, मान्य, हात आधी. आवृत्त्यांबद्दल लिहायचं राहिलं, कारण कान थकण्याचं निम्मं कारण तिथे आहे.

एसएसटीच्या काळातल्या सीडी पातळ आणि टोकदार वाजतात. ऐकताना 3 किलोहर्ट्झजवळ 2-3 डेसिबल कमी आणि 100 हर्ट्झजवळ 2-3 डेसिबल जास्त करून बघा. याहून जास्त केलंत तर हार्टच्या पायाचा ड्रम फुगतो आणि नॉर्टनचा बेस त्यात बुडतो.

सुरुवातीच्या काळासाठी न्यूमेरो ग्रुप या कंपनीचा 'सॅव्हेज यंग डू' (2017) हा संच: 1979 ते 1982, 69 गाणी, त्यातली 47 आधी कधीच न आलेली. पहिला स्टुडिओ आल्बम त्यात आहे. 'लँड स्पीड रेकॉर्ड' मात्र मूळ रूपात नाही, कारण ती फीत एसएसटीकडे. त्याऐवजी त्याच गाण्यांचं त्या काळातलं दुसरं ध्वनिमुद्रण दिलंय. ज्याच्याकडे मूळ फीत त्याच्या हातात गाण्याचं पुढचं आयुष्य, हे यातून दिसतं. पण गीताचा हक्क आणि फितीचा हक्क वेगळे असतात. म्हणून मोल्ड तीच गाणी आजही रंगमंचावर वाजवतो. 2005 च्या दौऱ्यापासून बँडसह हुस्कर डू आणि शुगर दोन्ही त्याच्या कार्यक्रमांत आहेत. ग्रॅनरी म्युझिक हे त्याचं स्वतःचं प्रकाशन, ते नाव जुन्या-नव्या आल्बमांवर सापडेल.

शुगरसाठी 2012 च्या नव्या आवृत्त्या घ्या (अमेरिकेत मर्ज कंपनीच्या). 'कॉपर ब्लू'च्या संचात 'बीस्टर' आणि शिकागोच्या कॅबरे मेट्रोमधला 1992 चा कार्यक्रमही आहे. भिंत तिघांवर कशी उभी राहते हे पाहायचं तर तो कार्यक्रम स्टुडिओपेक्षा उपयोगी. जादाचा एकही थर नाही, आणि तरी पोकळी कुठे दिसत नाही.

---

दक्षिणमिनीआपोलिस

धाग्यात हार्टवर अन्याय होतोय. 'झेन आर्केड'च्या तिसऱ्या बाजूवरचं सगळ्यांना लक्षात राहणारं गाणं हार्टचं, चौथीवरचं बोंबलणारंही त्याचंच, पहिलीवरचं ॲकूस्टिक गिटारचंही त्याचंच. मोल्ड एकटा कसा लिहितो हे कळायला हार्टचा 'इन्टॉलरन्स' (1989) आणि 'वर्कबुक' एकाच वर्षातले आहेत ते शेजारी लावा. एकाने गिटार उघडी केली, दुसऱ्याने बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून ऑर्गनला पुढे आणलं. मग हार्टचा नोव्हा मॉब हा बँड, आणि 2013 चा 'द आर्ग्युमेंट'. सप्टेंबर 2017 मध्ये हार्ट गेला. बँड मोडून हार्टशी होणारी चढाओढ संपल्यावर मोल्डने ती जागा स्वतःशीच भरली, आणि 1990 चा 'ब्लॅक शीट्स ऑफ रेन' जड झाला तो त्यामुळे, असं माझं मत आहे. वाद घाला.

'मॉड्युलेट'ला एवढं झटकून टाकू नका. आल्बम म्हणून तो फसलाय, खरं. यंत्राचा ताल जागचा हलत नाही आणि मोल्डच्या चाली ड्रमरने थोडं पुढे ढकलावं या हिशेबाने बेतलेल्या, त्यामुळे त्या टांगून राहतात. पण त्यातूनच वॉशिंग्टनमधला ब्लोऑफ हा रिचर्ड मोरेलसोबतचा डीजेचा उपक्रम आला, तो 2014 पर्यंत चालला. आणि त्यानंतरच्या गिटार-आल्बमांत कडवी आखूड झालीत, धृवपद लवकर येतं.

---

चारशे_सत्तर_के

@दक्षिणमिनीआपोलिस, वाद नाही, +1.

@मोकळी_तार, वरची सगळी मांडणी लहान खोलीत लावणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. मोल्डला कानात कायमचा आवाज राहतो हे त्याने स्वतःच सांगितलंय. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची निऑश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. तालमीच्या बंद खोलीत झांजांजवळ हा आकडा पहिल्याच गाण्यात गाठला जातो. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, मग वाजवणारा ट्रेबल वाढवतो आणि खोलीतला बाकीचा माणूस मरतो. वाद्य वाजवणाऱ्यांसाठीचे, सगळे सूर सारखे कमी करणारे 15 डेसिबलचे बोळे घ्या, आणि ॲम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, तोंड स्वतःच्या कानाकडे तिरकं करून ठेवा. गुडघ्याला ऐकू येत नाही म्हणून लोक आवाज वाढवत बसतात.

---

मोकळी_तार

741 बसवला, फिसफिस गेली. डायोड मात्र 0.58 दाखवतायत, म्हणजे सिलिकॉनच निघाले. जर्मेनियम मिळेपर्यंत आहे तसाच ठेवतो. 7-9-9 वर बेसवाला म्हणाला दुसरी गिटार कोण वाजवतंय. आता 'फ्लिप युवर विग' लावलाय.